साडेचार वर्षांची मुलगी वरणभात, बटाटा आणि दूध याशिवाय काही खात नाही. लोह, कॅल्शियम, जस्त पोटात जायचे कसे?

प्रश्न : एक आई, नाशिक

माझी मुलगी साडेचार वर्षांची असून तिचे वजन साधारण पंधरा किलो आहे. फोडणी न घातलेले वरण आणि भात, तूप-साखर लावलेली पोळी, बटाटा, बिस्किटे आणि दूध, एवढाच तिचा आहार. वरणात चुकून कोथिंबिरीचे पान किंवा मोहरीचा दाणा आला, तर ती तो चिमटीत धरून ताटाच्या काठावर ठेवते आणि काठावरची रांग पूर्ण होईपर्यंत पुढचा घास घेत नाही. हिरवी भाजी नुसती ताटात वाढली तरी ताट सरकवते. ती उपाशी राहू नये म्हणून मी दिवसातून चार वेळा दूध देते. पिशवीतील सहा टक्के स्निग्धांशाचे, दर वेळी सुमारे दोनशे मिलिलिटर. शिवाय सकाळी आजोबांच्या मांडीवर बसून त्यांच्या बशीतला चहा ती बिस्किट बुडवून पिते, आणि दोघांच्या त्या आनंदाच्या वेळात मी आजवर कधी आडवी आले नाही.

गेल्या महिन्यात बालवाडीतील बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले की ती पाटीवरची पेन्सिल खाते. घरी येऊन दप्तर उघडले, तर आठवड्यापूर्वी आणलेल्या डबीत दोनच तुकडे उरले होते आणि त्यांवर दातांच्या बारीक खुणा होत्या. मी तिला खूप रागावले; त्याचे आता वाईट वाटते. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.४ आणि लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ६ आले. डॉक्टरांनी लोहाचे पातळ औषध लिहून दिले आणि खाण्याकडे लक्ष द्यायला सांगितले. पण बाहेर इतके पालक ताटकळत बसले होते की नेमके काय करायचे हे विचारायचे राहून गेले.

तिच्या वयाला कोणते खनिज किती लागते, ते तिच्या चार पदार्थांतून कसे पोचवायचे, आणि दूध वाढवावे का, हे कृपया कोणी समजावून सांगाल का? आमच्याकडे अंडे चालते, मांस-मासे केले जात नाहीत.

प्रतिसाद : आहारतज्ज्ञ, पुणे

ताई, आधी पेन्सिलीबद्दल लिहिते. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, भिंतीचे पोपडे खाण्याची ओढ लोहाच्या कमतरतेत पुष्कळ मुलांना लागते. तो हट्ट नव्हे आणि वाईट सवयही नव्हे, ते लक्षण आहे; त्यामुळे रागावून ती थांबत नाही, लोह मिळाले की थांबते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असले की या वयात रक्तक्षय मानतात आणि फेरिटिन १२ च्या खाली गेले की शरीरातील लोहाचा साठा संपला असे समजतात. तुमच्या मुलीचे दोन्ही आकडे खाली आहेत, म्हणून औषध आवश्यकच आहे. एवढी तूट आहारातून भरून काढायचे ठरवले, तर महिनेच्या महिने जातील. औषधाने तूट भरायची आणि ती पुन्हा पडू नये याची काळजी आहाराने घ्यायची, अशी कामाची वाटणी मनाशी पक्की करा. तुम्ही एकट्या नाही, हेही सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता.

आता तुम्ही विचारलेल्या मात्रा. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह, ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४.५ मिलिग्रॅम जस्त लागते. या आकड्यांशेजारी तुमच्या मुलीचे ताट मांडून पाहू. आठशे मिलिलिटर दुधातून तिला नऊशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम मिळते, म्हणजे गरजेच्या दीडपटीपेक्षा जास्त. लोहाचे मात्र उलट आहे. दोन लहान पोळ्यांतून दीडेक मिलिग्रॅम, वरणातून पाऊण, भात-बटाट्यातून अर्धा-पाऊण, आणि दुधातून जवळजवळ शून्य. सगळे मिळून जेमतेम तीन मिलिग्रॅम. तिच्या आहारात कॅल्शियम कमी नाहीच, लोह कमी आहे, आणि लोह कमी असण्याचे सर्वांत मोठे कारण दूध आहे.

हे वाचून वाईट वाटून घेऊ नका, कारण मूल खात नाही म्हटल्यावर दुधाचा पेला पुढे करणारी आई काळजीपोटीच तसे करते. पण सहा टक्के स्निग्धांशाच्या आठशे मिलिलिटर दुधात सुमारे सातशे कॅलरी असतात, आणि या वयाच्या मुलाची दिवसभराची गरज तेराशे-साडेतेराशेच्या आसपास असते. निम्मे पोट दुधाने भरलेल्या मुलीला जेवणाच्या वेळी भूक लागणार कोठून? शिवाय जेवणाबरोबर घेतलेल्या दुधातील कॅल्शियम त्या जेवणातील लोहाचे शोषण कमी करते. म्हणून दूध दिवसाला तीनशे ते चारशे मिलिलिटरवर आणा. एकदम तोडू नका; पहिल्या आठवड्यात संध्याकाळचा पेला बंद करा, दुसऱ्यात शाळेतून आल्यावरचा. त्या दोन वेळांना पोट मोकळे राहू द्या आणि तेव्हाच खरे खाणे समोर ठेवा. चारशे मिलिलिटर दूध आणि एखादी वाटी दही एवढ्यात तिच्या कॅल्शियमची गरज पूर्ण भागते.

चहाबद्दल मी ठाम आहे. चहातील टॅनिन त्याच वेळी खाल्लेल्या अन्नातील लोहाला बांधून ठेवते आणि शोषण निम्म्याहून कमी होऊ शकते. आजोबांच्या मांडीवर बसणे अजिबात मोडू नका; बशीही तीच राहू द्या, फक्त बशीत चहाऐवजी कोमट लिंबूपाणी किंवा आवळ्याचे सरबत येऊ द्या. आंबट फळांतील क जीवनसत्त्व धान्य-कडधान्यांतील लोहाचे शोषण वाढवते. जेवताना वरणावर पिळलेले अर्धे लिंबू किंवा जेवणानंतर पेरूच्या दोन फोडी यांचे मोल पालकाच्या वाटीभर भाजीपेक्षा मी अधिक मानते. पालकाची भाजी तिने नाकारली म्हणून तुम्ही चिंतेत असाल, तर ती चिंता सोडा. त्यातील ऑक्झलेटमुळे कॅल्शियम फारच थोडे शोषले जाते आणि लोहही आपण समजतो तितके मिळत नाही.

औषधाविषयी थोडे. ते दुधाबरोबर देऊ नका. दूध आणि औषध यांत दोन तासांचे अंतर ठेवा. कॅल्शियमचे औषधही चालू असेल, तर त्याची वेळ वेगळी असावी. हिमोग्लोबिन नेहमीच्या पातळीवर आल्यावरही साठा भरण्यासाठी औषध साधारण दोन ते तीन महिने पुढे द्यावे लागते. बरे वाटू लागले म्हणून पुष्कळ पालक मध्येच थांबवतात आणि सहा महिन्यांत मूल पुन्हा तेथेच येते. बाटली मुलीच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, कारण लोहाचे औषध एकदम जास्त प्यायले गेले तर जिवावर बेतू शकते. जंतांचे औषध गेल्या सहा महिन्यांत दिले नसेल, तर डॉक्टरांना विचारून द्या. आणि दीड-दोन महिने औषध नियमित देऊनही हिमोग्लोबिन चढले नाही, तर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाची वाहक अवस्था आहे का, हे तपासायला सांगा.

प्रतिसाद : एक आजी, सातारा

वयाने मी तुझ्या आईएवढी असेन, म्हणून एकेरी लिहिते. माझ्या नातवाला दोन वर्षे मऊ भाताशिवाय काही चालत नव्हते, आणि त्या दोन वर्षांत मला मेथकुटाने तारले. मुलीला पांढरा-पिवळा मऊ भात आवडतो ना, मग तोच धर. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, थोडे गहू, थोडे तांदूळ, जिरे आणि अगदी नावाला मेथ्या वेगवेगळ्या मंद आचेवर खमंग भाजून, थोडे सुंठ-हळद-हिंग घालून बारीक दळायचे. मोहरी आणि मिरची तिच्यासाठी वगळ. गरम भातावर तूप, मीठ आणि चमचाभर मेथकूट कालवले की रंग वरणभातासारखाच दिसतो आणि चिमटीत धरून काठावर ठेवायला काही सापडत नाही. सुरुवात पाव चमच्याने कर. नातवाने पहिल्या दिवशी भात हुंगून पाहिला होता, आठव्या दिवशी स्वतः बरणी दाखवू लागला.

दुसरे भाजणीचे थालीपीठ. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने अशी आपली नेहमीचीच भाजणी घे. फक्त कांदा आणि कोथिंबीर न घालता, ताकात भिजवून कर. माझा नातू थालीपीठ खात नव्हता, पण थालीपिठाला भोके पाडायला त्याला फार आवडायचे. मी ओल्या फडक्यावर पुरीएवढे थापायची, तो तर्जनीने मधोमध एक आणि भोवती चार भोके पाडायचा, मग त्या भोकांत तेल सोडताना चुर्र आवाज होईपर्यंत ओट्यापासून दूर उभा राहून बघायचा. ज्याला स्वतःचे बोट लागले ते थालीपीठ त्याने कधी टाकले नाही. ते लोखंडी तव्यावर कर, नॉनस्टिकवर नको. आमटीही आठवड्यातून दोन-तीनदा लोखंडी कढईत, आमसूल किंवा चिंच घालून करत जा. आंबटामुळे कढईचे थोडे लोह आमटीत उतरते. मात्र आमटी कढईत ठेवून देऊ नको, झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढ, नाहीतर काळी पडते आणि चवही बदलते.

तुझ्या मुलीला साखर-पोळी चालते, तर साखरेच्या जागी तिळाची आणि शेंगदाण्याची गोड पूड लाव. तीळ भाजून, शेंगदाणे भाजून सोलून, थोडा गूळ घालून एकत्र कुटायचे. गुडदाणी किंवा गूळपोळीची चव त्याला येते. आणि हळिवाचे लाडू नक्की कर. ओला नारळ आणि गूळ घालून केलेले हळीव रक्त वाढवतात, असे आमच्या आईपासून चालत आले आहे. नाचणीचे सत्त्वही आम्ही लहान मुलांना आवर्जून देत आलो.

प्रतिसाद : शेतकरी वाचक, संगमनेर

आहाराचे शास्त्र मला कळत नाही, परंतु बाजरीविषयी एक माहिती द्यावीशी वाटते. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांच्या कामातून 'धनशक्ती' हे लोहाचे प्रमाण जास्त असलेले बाजरीचे वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात लागवडीसाठी आले. महाराष्ट्रातच बारा ते सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यांना अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी काही महिने देऊन अभ्यासही झाला आणि त्यांच्या फेरिटिनमध्ये सुधारणा दिसली. हे वाण मिळाले तर उत्तमच, पण साधी बाजरीही तांदूळ आणि गहू यांच्यापेक्षा लोहात सरस आहे. बाजरीचे पीठ मात्र आठवड्यापुरतेच दळून आणावे, कारण ते लवकर कडसर होते. एकदा कडू पिठाची भाकरी मुलाच्या तोंडात गेली की ते पुढे वर्षभर बाजरीला शिवत नाही. हा आमच्या घरातलाच अनुभव आहे.

प्रतिसाद : आहारतज्ज्ञ, पुणे

आजींचा प्रतिसाद मी माझ्याकडे येणाऱ्या मातांना वाचून दाखवणार आहे. नव्या पदार्थाचा संशय येणे हा दोन ते सहा या वयाचा स्वभावच असतो, आणि तोच पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मूल तो चाखते. आपण तिसऱ्या वेळेला 'हिला आवडत नाही' असे ठरवून मोकळे होतो. पाव चमच्याने सुरुवात करण्याचा त्यांचा सल्ला म्हणून मोलाचा आहे.

दोन ठिकाणी मात्र आदरपूर्वक दुरुस्ती करते. सत्त्व काढताना नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून फडक्यातून गाळतात आणि चोथा टाकून देतात. नाचणीतील कॅल्शियमचा मोठा वाटा तिच्या तांबड्या सालीत असतो, म्हणजे आपण पौष्टिक भाग फडक्यात ठेवून पिठूळ भाग मुलाला देतो. सहा महिन्यांच्या बाळाला पचायला ते ठीक आहे. साडेचार वर्षांच्या मुलीला मोड आणून, वाळवून, न गाळता दळलेले पीठच द्यावे. तीस ग्रॅम पिठातून शंभर मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि सव्वा ते दीड मिलिग्रॅम लोह मिळते. मोड आणल्याने खनिजांना बांधून ठेवणारे फायटेट कमी होते आणि लोह व जस्त दोन्ही अधिक सुटे होतात. मटकी, मूग, चवळी यांनाही हेच लागू आहे.

दुसरी दुरुस्ती हळीव आणि गूळ यांची. हळीव उत्तमच आहे, परंतु जुन्या अन्नघटक तक्त्यांत शंभर ग्रॅमला शंभर मिलिग्रॅम लोह असे जे छापले जात होते, त्याहून २०१७ च्या भारतीय तक्त्यांतील प्रमाण पुष्कळ कमी आहे, आणि लाडवात हळीव असतात ते चमचाभर. दहा ग्रॅमच्या गुळाच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमही लोह मिळत नाही. लाडू आनंदाने द्या, पण लाडू चालू आहे म्हणून औषध थांबवू नका.

जस्ताविषयी अजून कोणी सविस्तर लिहिले नाही. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या सुमारे १९ टक्के मुलांत जस्ताची कमतरता होती. जस्त कमी पडले की भूक आणि चव दोन्ही मंदावतात, आणि मूल आणखी चोखंदळ होते. आजींनी सांगितलेली तीळ-शेंगदाण्याची पूड, हरभरा, अंडे आणि दही यांतून जस्त बऱ्यापैकी मिळते, त्यामुळे त्या पुडीला मी औषधाइतकेच महत्त्व देईन. पूड बारीकच असावी. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे या वयात घशात अडकण्याची भीती असते.

मिठाचेही पाहून घ्या. अलीकडे अनेक घरांत सर्व स्वयंपाक सैंधवात होऊ लागला आहे. सैंधवात आयोडीन घातलेले नसते आणि तुमच्या मुलीच्या आहारात मासळी नाही. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच वापरा आणि ते झाकणाच्या बरणीत, चुलीच्या धगीपासून दूर ठेवा.

प्रतिसाद : एक वडील, ठाणे

आमच्या मुलाचे खाणे हा तीन वर्षे आमच्या घरातील भांडणाचा विषय होता. मोबाईल दाखवून, गोष्टी सांगून, मागे धावून आम्ही त्याला भरवत असू, आणि एका जेवणाला सव्वा तास लागत असे. शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी सांगितले की ताटात काय वाढायचे आणि केव्हा वाढायचे हे तुम्ही ठरवा, त्यातले किती खायचे हे त्याला ठरवू द्या. आम्ही जेवणाची वेळ अर्ध्या तासाची केली. ताटात त्याला हमखास आवडणारा एक पदार्थ आणि शेजारी अगदी चमचाभर नवा पदार्थ वाढायचा, आणि त्याविषयी एक शब्दही बोलायचा नाही. 'एक घास आईचा, एक घास बाबांचा' हेही बंद केले. पहिले दहा दिवस तो नव्या पदार्थाकडे पाहतही नव्हता आणि माझ्या आईला ते पाहवत नव्हते. तेराव्या की चौदाव्या दिवशी त्याने मटकीचा एक दाणा उचलला, तो दातांनी फोडून आतला रंग पाहिला आणि परत ठेवला. पत्नीने माझा हात दाबला, मी काही बोललो नाही. मटकीची उसळ खायला त्यानंतरही महिना गेला.

ताई, घरातील मोठ्या माणसांना आधी विश्वासात घ्या. आमच्याकडे जेवण टाकून उठलेल्या मुलाला दहा मिनिटांनी बिस्किट मिळत होते, आणि ते बंद होईपर्यंत बाकी सगळे व्यर्थ होते.

प्रश्नकर्ती आई, सहा आठवड्यांनंतर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, म्हणून काय झाले ते कळवणे हे माझे कर्तव्य समजते. दूध आता सकाळी आणि झोपण्यापूर्वी, दोन्ही मिळून साडेतीनशे मिलिलिटर आहे. पहिल्या आठवड्यात ती संध्याकाळी खूप रडली. सासऱ्यांना मी बशीचे कारण समजावून सांगितले, तेव्हा ते काही वेळ गप्प बसले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःचाही सकाळचा चहा ती शाळेत गेल्यानंतर घ्यायला सुरुवात केली. आता बशीत लिंबूपाणी असते आणि बिस्किटाच्या जागी राजगिऱ्याची वडी.

पेन्सिल खाणे तिसऱ्या आठवड्यातच थांबले. मी विचारले नव्हते. बालवाडीतील बाईंनीच आपणहून सांगितले. मेथकूट-भात तिला आवडला आहे. थालीपिठाची भोके ती पाडते, खाते मात्र फक्त कडेचा कुरकुरीत भाग. तीळ-शेंगदाण्याची पूड लावलेली पोळी रोज डब्यात जाते. नाचणीच्या धिरड्याचा रंग तिला अजून मान्य नाही. काल पुन्हा तपासणी केली, हिमोग्लोबिन १०.९ आले.

एक शंका उरली आहे. औषध सुरू झाल्यापासून तिची शी काळसर होते आणि पुढच्या दातांवर करडी रेघ दिसते. सासूबाई घाबरल्या आहेत आणि औषध थांबवायला सांगत आहेत.

प्रतिसाद : आहारतज्ज्ञ, पुणे

थांबवू नका. न शोषलेल्या लोहामुळे शीचा रंग काळसर हिरवा होतो, ते अपेक्षितच आहे. डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधी येणारी काळी शी झाली किंवा पोट दुखू लागले, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. दातांवरची रेघ वरवरची असते. औषध मोजणीच्या पिचकारीने जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, लगेच पाणी पाजा आणि थोड्या वेळाने दात घासा. रेघ हळूहळू जाईल. सहा आठवड्यांत दीड अंकाची वाढ चांगली आहे. हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले तरी औषध किती दिवस चालू ठेवायचे हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कोर्स संपताना फेरिटिन पुन्हा तपासून घ्या. नाचणीचे पीठ तूर्त भाजणीतच मूठभर मिसळा. थालीपिठाचा रंग मुळातच तांबूस असल्यामुळे तिला वेगळेपणा जाणवणार नाही, आणि कडा कुरकुरीत हव्या असतील तर थालीपीठ आणखी लहान थापा, म्हणजे कडाच जास्त होतील.